जुन्या दिवाळी अंकांतली हास्यचित्रे: ओळखायची, नोंदवायची आणि जपायची कशी

बडोद्यात रद्दीला पस्ती म्हणतात, आणि मराठी घरांतले जुने दिवाळी अंक बहुतेक वेळा पस्तीवाल्याच्या तराजूतच संपतात. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरून ‘मोहिनी’, ‘हंस’, ‘आवाज’, ‘किर्लोस्कर’, ‘दीपावली’ असे गठ्ठे सुतळीने बांधलेले खाली येतात. वजनावर त्यांची किंमत जेमतेम. पण त्यांत छापलेल्या हास्यचित्रांपैकी कितीतरी पुढे कुठल्याच संग्रहात आली नाहीत. ती फक्त त्या पानावर आहेत. असा गठ्ठा हाती आला तर पहिल्या दिवसापासून काय करायचे, ते इथे क्रमाने सांगितले आहे.

काय करायचे नाही, ते आधी. कात्री लावायची नाही. आवडलेली चित्रे कापून वहीत चिकटवण्याची पद्धत घराघरांत होती आणि त्या वह्या पाहायला छानही वाटतात, पण कापलेल्या चित्राचे साल कळत नाही, अंक कळत नाही, सही नसेल तर चित्रकारही कळत नाही. पाठीमागची जाहिरात, शेजारची कथा, पानाचा क्रमांक, कागदाची जात हे सगळे त्या चित्राचे पुरावे असतात. ते अंकातच राहू द्या. अंक कितीही फाटका असला, मुखपृष्ठ गेलेले असले, तरी हा नियम मोडू नका. कापलेली वहीच हाती आली, तर ती वही हाच एक ‘अंक’ समजून जशीच्या तशी ठेवा. डिंकाने चिकटवलेली चित्रे सोडवण्याच्या भानगडीत पडू नका.

कोणते चित्र धरायचे, कोणते नाही

मराठीत व्यंगचित्र हा शब्द सैल वापरला जातो. संग्रहासाठी तो थोडा आवळून घ्यावा लागतो. राजकीय व्यंगचित्राला त्या आठवड्याची बातमी लागते. हास्यचित्राला बातमी लागत नाही. एक प्रसंग, फार तर खाली एक ओळ, आणि चित्र पुरे होते. दिवाळी अंकांत हेच जास्त, कारण अंक वर्षभर घरात फिरत असे. त्यातही प्रकार आहेत: खाली संवाद असलेले, एका ओळीचे, अजिबात शब्द नसलेले, चार-सहा चौकटींची मालिका, मुखपृष्ठावरचे रंगीत हास्यचित्र आणि खिडकीचित्र. खिडकीचित्रात वरच्या पानाला कापलेली झडप असते. ती उघडली की खालच्या पानावरचा भाग दिसतो आणि चित्राचा अर्थ पालटतो. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ची ही खास ओळख.

कथेसोबतची सजावटीची चित्रे वेगळी नोंदवा. सदराची शीर्षचित्रे मात्र घ्याच. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकातले ‘ठणठणपाळ’ हे सदर उत्तम उदाहरण: लिखाण जयवंत दळवींचे, हातात घण घेतलेली ती आकृती वसंत सरवट्यांची, आणि वाचकाच्या मनात दोन्ही एकच झालेले. अशा आकृतीची वर्षागणिक बदलत गेलेली रूपे पाहणे हा एक स्वतंत्र आनंद आहे.

गठ्ठा घरात आणताना

थेट पुस्तकांच्या कपाटात ठेवू नका. गठ्ठा आधी गच्चीच्या जिन्यात किंवा गॅलरीत, सावलीत, जुन्या चादरीवर सोडा. सुतळी ओढू नका. ती कागदात रुतलेली असते. कात्रीने कापा. प्रत्येक अंक आडवा धरून, कणा वर करून, हलकेच हलवा. बारीक पीठ पडले तर कीड जिवंत असण्याची शक्यता आहे. पानांवर वेडेवाकडे खरवडल्यासारखे पातळ डाग असतील तर ती कसर. सरळ आरपार भोके असतील तर पुस्तकातला भुंगेरा. मातीचे कण आणि खाऊन पोकळ झालेला कणा असेल तर वाळवी. वाळवीचा अंक बाकीच्यांपासून त्याच क्षणी दूर करा.

कीड मारायला औषध फवारू नका. शाई आणि कागद दोन्ही बिघडतात. अंक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा उपयोग कमी, कारण तिथले तापमान वर-खाली होत राहते. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाईने उघडली की गार कागदावर हवेतले पाणी धरते, आणि किडीपासून वाचवलेला अंक बुरशीला मिळतो.

बुरशी वाळलेली असेल तर ती पावडरीसारखी उडते. नाकातोंडाला मास्क लावून, मोकळ्या हवेत, मऊ ब्रशने अंगापासून दूर झटका. ओलसर, चिकट बुरशी झटकू नका, ती पानात आणखी घुसते. अंक आधी पंख्याखाली वाळू द्या.

साल कसे ठरवायचे

मुखपृष्ठ आणि पहिले पान शाबूत असेल तर प्रश्नच नाही. बहुतेकदा नेमकी तीच पाने गेलेली असतात. मग आतल्या खुणा वाचाव्या लागतात, आणि हा या कामातला सर्वांत रंगतदार भाग आहे.

पहिली खूण म्हणजे पैसा. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या जाहिरातींत रुपये-आणे-पै असतात: ‘१-८-०’ म्हणजे एक रुपया आठ आणे. उभ्या दंडांची जुनी खूणही दिसते; ‘२॥’ म्हणजे अडीच रुपये. १९५७ नंतर ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ येतात, आणि १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द सुटून नुसते ‘पैसे’ उरतात. म्हणजे ‘न. पै.’ दिसले की अंक १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. एकाच जाहिरातीवर भरवसा ठेवू नका, कारण जाहिरातीचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, वर्षानुवर्षे तोच वापरला जात असे. तीन-चार जाहिराती एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

दुसरी खूण पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. एकाही पत्त्यात पिनकोड नसेल तर अंक त्याआधीचा असण्याचा संभव मोठा. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असेल तर १ मे १९६० पूर्वीचा. त्या काळात बडोदेही मुंबई राज्यातच होते, म्हणून इथल्या दुकानांच्या जाहिराती त्या पत्त्याने आढळल्या तर नवल नाही.

तिसरी खूण लेखनाची, आणि हिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. चित्राखालच्या ओळीत ‘तुमचें म्हणणें’, ‘कां’, ‘बडोदें’ असे छापलेले असेल तर जुने वळण. सगळ्या छापखान्यांनी एकाच दिवशी बदल केला नाही, त्यामुळे ही खूण चार-पाच वर्षांच्या सैलपणाने घ्या. ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी अक्षरे दिसली तर ती सावरकरी लिपी. किर्लोस्करांच्या मासिकांत ती वापरली जात असे, म्हणून मुखपृष्ठ नसलेले ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ किंवा ‘मनोहर’ ओळखायला हिची मदत होते.

चौथी खूण मालकाच्या हाताची, म्हणजे त्याने अंकावर लिहिलेल्या सालाची. शके घातला असेल तर दिवाळीच्या सुमाराला त्यात ७८ मिळवा: शके १८८० ची दिवाळी म्हणजे १९५८. बडोद्यात मात्र विक्रम संवतही लिहिलेला सापडतो, आणि इथे हमखास चूक होते. गुजरातेतला संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला, बदलतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संवत २०१४ असेल तर दुसऱ्या दिवशी २०१५. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी संवतातून ५७ वजा करा, आणि जानेवारीपासून पुढच्या लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपर्यंत ५६.

भिंगाखाली: छपाई कशी ओळखायची

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. शिंप्याच्या किंवा घड्याळजीच्या सामानाच्या दुकानात मिळते. चित्राच्या काळ्या रेषेच्या कडा पाहा.

साठच्या दशकापर्यंतची बहुतेक हास्यचित्रे लाइन ब्लॉकने छापलेली आहेत. मूळ चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत, रेषा सोडून बाकीचा भाग आम्लाने खात, आणि पत्रा लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या, उंचीला आणत. मग चित्र आणि मजकूर एकाच दाबाने छापले जात. त्यामुळे रेषेच्या कडेला शाईची बारीकशी गडद किनार साचलेली दिसते. पान उलटून, दिवा बाजूने धरला, तर रेषा मागे उठलेल्या दिसतात. बोटाच्या टोकाला जाणवतातही. नंतरच्या ऑफसेट छपाईत यातले काही नसते: रेषा सपाट, किनार नाही, मागे उठाव नाही.

राखाडी छटा असेल तर ती कशाने आली, ते बघा. ठिपके सगळे एकाच मापाचे आणि कापडासारखे सरळ पसरलेले असतील, तर ती ब्लॉक करताना किंवा मूळ चित्रावर चिकटवलेली तयार जाळी. ठिपके लहान-मोठे होत असतील तर हाफटोन, म्हणजे मूळ चित्रात कुंचल्याने पातळ शाईचा हात दिलेला होता. वर्तमानपत्री कागदावर जाळी जाड असते, साधारण इंचाला ६५ रेषांची. गुळगुळीत आर्ट पेपरवर १२० ते १३३. मूळ चित्रात काय होते आणि छापखान्याने काय केले, हा फरक कळल्याशिवाय चित्रकाराच्या हाताबद्दल बोलू नये. पुष्कळदा ‘भरड रेषा’ म्हणून ज्याला दोष दिला जातो, तो झिजलेल्या ब्लॉकचा दोष असतो.

झिजलेल्या ब्लॉकचा उपयोगही आहे. एकच ब्लॉक पुन्हा वापरला गेला असेल तर रेषेतली तुटलेली जागा दोन्हीकडे तंतोतंत त्याच ठिकाणी येते, आणि नंतरच्या छपाईत तुटी वाढलेल्या असतात. यावरून कोणती छपाई आधीची ते ठरते. चित्राचे साल लिहिताना ते पहिल्या छपाईचे आहे की हाती असलेल्या अंकाचे, हे स्पष्ट लिहा.

हात कोणाचा

सही असेल तर काम सोपे, पण ब्लॉक करताना चित्र बाजूंनी छाटले की सहीच आधी जाते, कारण ती कोपऱ्यात असते. अशा वेळी क्रम हा: आधी अनुक्रमणिका पाहा. तिच्या शेवटी ‘हास्यचित्रे’ म्हणून सगळी नावे एकत्र दिलेली असतात. अंकातली सहीची चित्रे त्या नावांसमोर लावा. जी नावे उरली, त्यांच्यापैकीच कोणाचे तरी ते बिनसहीचे चित्र असण्याची शक्यता जास्त. क्वचित परदेशी हास्यचित्राला मराठी ओळ जोडून छापलेले असू शकते. घरे, टोप्या आणि माणसांची ठेवण पाहून शंका घ्या.

शैलीवरून ओळखताना चेहरा पाहू नका. चेहरा विनोदाप्रमाणे बदलतो. कान, बोटे, जोडे, खुर्चीचे पाय आणि जमिनीवरची सावली पाहा. या गोष्टी चित्रकार सवयीने काढतो. त्याच अंकातली, त्याच दशकातली, सही असलेली किमान दहा चित्रे एका कागदावर शेजारी-शेजारी छापून तुलनेसाठी ठेवा.

काही हात लवकर ओळखू येतात. शि. द. फडणीस (जन्म १९२५) यांची रेषा स्वच्छ, एकसारख्या जाडीची, कुठे न अडखळणारी. शब्द नसतातच जवळजवळ. विनोद वस्तूंच्या रचनेत लपलेला असतो, कपड्यावरच्या नक्षीत, भिंतीवरच्या सावलीत. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांनी त्यांना घरोघरी नेले. त्यांनी शालेय गणिताच्या पुस्तकांसाठी काढलेली चित्रे पाहिली, की शब्दांवाचून अर्थ पोचवण्याची ही हातोटी किती खोल होती ते कळते. फडणिसांचे रंगीत चित्र तपासताना रंगाचे सपाट पट्टे आणि काळी रेषा एकमेकांवर नीट बसली आहेत का ते पाहा. छपाईत रंग सरकलेला असेल तर सगळा परिणाम ढासळतो, आणि तो दोष नोंदवायला हवा.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) याच्या अगदी उलट. पेशाने स्थापत्य अभियंता, आणि तरी रेषा मोकळी, हलती, बोलता बोलता काढल्यासारखी. माणसे मध्यमवर्गीय, लेखक-वाचकांच्या जगातली. सरवट्यांच्या चित्रात खालची ओळ झाकून पाहू नका, चित्र अर्धे होते. ओळ आणि आकृती मिळूनच ते वाक्य पुरे करतात. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे लागोपाठच्या वर्षांची मिळाली तर सुटी करू नका, ओळीने लावून पाहा.

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हे मुळात चित्रकार. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ काढला. कुंचल्याची जाड-बारीक होत जाणारी वळणदार रेषा आणि छटांचे काम ही त्यांची ओळख, म्हणून त्यांचे काम लाइन ब्लॉकपेक्षा हाफटोनमध्ये आणि रंगीत पानांवर जास्त खुलते. त्याआधीचा धागा हवा असेल तर १९२० पासून निघालेल्या किर्लोस्करांच्या मासिकाकडे जा. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढत, आणि संपादकालाच चित्राची भाषा कळत असल्यामुळे त्या मासिकात हास्यचित्राला पानभरणीची जागा नव्हे, मानाची जागा मिळाली. हरिश्चंद्र लचके यांची जुनी चित्रे शोधणाऱ्यांनीही या मासिकाचे अंक चाळावेत. बाळ ठाकरे (१९२६–२०१२) १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकामुळे राजकीय व्यंगचित्रकार म्हणून लक्षात राहिले; १९६० च्या आधीचे दिवाळी अंक उघडताना त्यांची सहीही डोळ्यांपुढे असू द्या. मंगेश तेंडुलकर (१९३४–२०१७), ज्ञानेश सोनार, विकास सबनीस ही पुढच्या काळातली नावे.

ओळखीला प्रत, म्हणजे खात्रीचा दर्जा, द्या. सहीवरून ओळखले तर अ, अनुक्रमणिकेवरून तर ब, निव्वळ शैलीवरून तर क. ‘क’चे ‘अ’ कधीही करू नका, कितीही खात्री वाटली तरी.

साफसफाई, पिना, दुरुस्ती

मऊ, रुंद ब्रशने कण्याकडून कडेकडे झाडा. रेषांवर खोडरबर फिरवू नका. समासात मळ असेल तर पांढरे प्लॅस्टिकचे खोडरबर किसणीवर किसून तो चुरा बोटाने गोल फिरवा आणि झटका. पाणी, स्पिरिट, ब्लीच काहीही नको.

पातळ अंकांना मधोमध पिना असतात. जाड दिवाळी अंकांना बाजूने तार मारून वर मुखपृष्ठ चिकटवलेले असते. बाजूची तार गंजली नसेल तर हात लावू नका, मुखपृष्ठ फाटते. मधल्या पिना गंजल्या असतील तर काढाव्यात, नाहीतर गंज पानाला भोक पाडतो. पद्धत अशी:

१. मधले पान उघडा. पिनेच्या वळलेल्या पायांखाली पारदर्शक पॉलिस्टर फिल्मचा तुकडा सरकवा.
२. बोथट पातळ सुरीने पाय उभे करा. ओढू नका, गंज धरला असेल तर आधी डावी-उजवीकडे सैल करा.
३. बाहेरच्या बाजूने पीन उचला. गंजाचा भुगा ब्रशने झाडा.
४. सुती पांढरा दोरा घेऊन त्याच भोकांतून शिवा. नवी भोके पाडू नका. गाठ आतल्या बाजूला, सैलसर.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत चिकटा तपकिरी होऊन कागदात उतरतो, फीत गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. जपानी टिशू, म्हणजे चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम भरणारा पातळ कागद, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर पाऊण तासाच्या आत पारदर्शक होईपर्यंत सतत ढवळा, गार करून गाळा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका. बाइंडरकडची खळ घेऊ नका. कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालण्याची पद्धत आहे, आणि त्यातले तांबे कागद पिवळा आणि ठिसूळ करते. टिशू कात्रीने न कापता ओल्या ब्रशने रेघ मारून फाडा, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. लावल्यावर वर टिपकागद आणि वजन, किमान एक तास.

लॅमिनेशन करू नका. ते उलटवता येत नाही.

स्कॅन

नेहमी पूर्ण पान स्कॅन करा, मग त्या प्रतीतून चित्र कापा. रेषाचित्रांसाठी इंचाला ६०० बिंदू, रंगीत २४ बिट, टिफ फाइल. साधारण १८ बाय २४ सेंटिमीटरचे पान या मापाने सुमारे ७२ एमबी होते. राखाडीत २४ एमबी. जागा कमी असेल तर साध्या काळ्या चित्रांना राखाडी पुरते. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ हा पर्याय मात्र वापरू नका. त्यात बारीक रेषा तुटतात आणि जाळीचे ठिपके एकमेकांत मिसळून डाग होतात. आपोआप धार वाढवणे आणि पार्श्वभूमी पांढरी करणे हे दोन्ही पर्याय बंद ठेवा.

स्वस्त कागदातून मागचा मजकूर आरपार दिसतो. त्यावर साधा उपाय: पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. पांढरा ठेवला तर मागची अक्षरे आणखी उठतात. हाफटोन चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटली तर मूळ फाइल तशीच ठेवून लहान प्रत करताना थोडी धूसर करा आणि मगच आकार कमी करा.

बाजूने तार मारलेला अंक स्कॅनरवर दाबून सपाट करू नका, कणा तुटतो. तो नव्वद-शंभर अंशांपर्यंतच उघडा, खाली पुस्तकांचा आधार द्या आणि फोन स्टँडला लावून फोटो घ्या. दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, फोनचा फ्लॅश बंद. १२ मेगापिक्सेलच्या फोनने पान चौकटीत पुरते भरले तर इंचाला चारशेच्या आसपास बिंदू मिळतात, आणि ते पुरतात.

खिडकीचित्राचे तीन स्कॅन घ्या: खिडकी बंद, खिडकी उघडी, आणि खालचे पान स्वतंत्र. झडप दुमडून काचेवर टेकवू नका. बिजागरीसारखी तिची घडीच आधी फाटते. तिच्याखाली पॉलिस्टरचा तुकडा ठेवून हलकेच उचला.

नोंदवही

एक्सेलमध्ये एका चित्राला एक ओळ. रकाने: क्रमांक, अंक, साल आणि ते कशावरून ठरवले, पान, पानावरची जागा, चित्रकार, ओळखीची प्रत, खालचा मजकूर, दृश्याचे वर्णन, विषय, छपाई, अवस्था, फाइलचे नाव. मजकूर अक्षरशः उतरवा. जुने अनुस्वार आणि चुकासुद्धा तशाच. शब्द नसलेल्या चित्राचे वर्णन दोन वाक्यांत करा आणि विनोद समजावून सांगू नका. काय दिसते तेवढे लिहा. विषयांची यादी आधीच ठरवून घ्या (नवरा-बायको, डॉक्टर, कवी, कचेरी, बस, चोर, भाडेकरू), नाहीतर एकच विषय पाच नावांनी नोंदला जातो. फाइलची नावे रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या, कारण सगळे संगणक देवनागरी नावे सारखी वाचत नाहीत. तीन प्रती ठेवा, त्यातली एक गावाबाहेर.

सालाबद्दल किंवा गहाळ पानांबद्दल अडले तर मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या देखरेखीखाली ते उभे करायला घेतले. कागद जपण्याच्या अवघड प्रश्नासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग आहे, १९५२ पासूनचा. तिथे शिकलेल्या माणसाचा सल्ला ओल्या किंवा चिकटलेल्या पानांच्या बाबतीत सोन्यासारखा.

स्कॅन इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क पाहा. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क चालू असतो. दलालांची चित्रे २०३१ अखेरपर्यंत, सरवट्यांची २०७६ अखेरपर्यंत. निनावी चित्राला छापल्यापासून ६० वर्षे. बाहेरून चित्र देणाऱ्या कलावंताचा हक्क सहसा त्याचाच, आणि नंतर वारसांचा, अंकाच्या मालकाचा नव्हे. घरच्या अभ्यासाला अडचण नाही. प्रकाशनाला कुटुंबाची लेखी परवानगी घ्या.

बडोद्याच्या हवेत ठेवायचे कसे

अंक आडवे ठेवा, थप्पी वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा उंच नको. प्रत्येक अंक धुतलेल्या, स्टार्च-नीळ न घातलेल्या मांजरपाटात गुंडाळा. लाल कापड दिसायला शोभते, पण भिजले की रंग सोडते. पीव्हीसीचे कव्हर नको, ते शाईला चिकटते, पॉलिस्टरचे चालते. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, कागदाला न लागेल अशी; तिने कीड मरत नाही, दूर राहते. डांबरगोळ्या टाळा.

पावसाळ्यात घट्ट झाकणाचे खोके आणि आत सिलिका जेल, चाळीस लिटरच्या खोक्याला अर्धा किलो. नारिंगी दाण्यांचे घ्या, निळ्यात कोबाल्ट असते. दाणे हिरवट झाले की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरा. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवा. आकडा ६५ च्या वर गेला की बुरशीची वेळ झाली. खोके नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांतच भरून बंद करा. ओलसर अंक बंद खोक्यात ठेवणे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे कागद भाजतो.

तळमजल्यावर तर नकोच. २०१९ आणि २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुराने घरात किती वर पाणी येते ते शहराने पाहिले आहे. खोके पहिल्या मजल्यावर, तेही भिंतीपासून चार बोटे दूर. तरीही अंक भिजलाच तर चिखल लागलेला अंक बंद धरूनच स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा, चोळू नका. साध्या कागदाचे अंक दर दहा-बारा पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद दर दोन तासांनी बदला. छापलेले वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आर्ट पेपरची रंगीत पाने एकमेकांवर वाळली की वीट होते, म्हणून ती ओली असतानाच पानागणिक पॉलिस्टर घाला. ४८ तासांत सगळे वाळवणे जमणार नसेल तर अंक पिशवीत घालून गोठवा, आणि नंतर एकेक काढून वाळवा.